बाभूळ थांब्यावरची जादा गाडी

मारुती आवटे परातीतलं भडंग खात होते आणि त्याच वेळी नकाशातल्या शेवटच्या ताऱ्याच्या पलीकडं जहाजही चालवत होते. एका हातात भडंगाची मूठ, दुसऱ्या हातात चहाचा पेला, आणि समोरच्या पडद्यावर त्यांचं जहाज खडकांच्या राशीतून आपलं आपण निघालेलं. पण ढंग अगदी त्यांचाच. वळणाआधी जरा जास्तच आवरतं घ्यायचं आणि वळण संपलं की एकदम सोडून द्यायचं. घाटात एसटी हाकणाऱ्या चालकांशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाची ती खोड. जहाजानं ती जशीच्या तशी उचलली होती.

याला हातवळण म्हणतात. अक्षराला वळण असतं तसं हातालाही असतं. खेळाडूचा हात दांड्यावर कसा पडतो, कुठं थबकतो, घाबरला की किती घट्ट होतो, हे सगळं ही यंत्रणा महिनोन्‌महिने मुकाट बघते, बालवाडीतलं पोर पाटीवर गिरवतं तसं गिरवत राहते. मग खेळाडू जेवायला, झोपायला किंवा बाजाराला गेला की त्याच्याच हातानं जहाज पुढं नेते. ती बोलत नाही, स्वतःची अक्कल लढवत नाही. तुम्ही जे केलं असतं तेवढंच करते. तिच्या जोरावर विट्याच्या एका सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्या शेठजींनी अकरा महिने झोपून खेळ खेळला आणि जागेपणी खेळणाऱ्यांच्या वर नंबर काढला, असं गावात सांगतात. शेठजींच्या घरचे म्हणतात, यात नवल ते काय, दुकानही ते तसंच चालवतात.

खेळाचं नाव 'अथांग'. लाखो लोक आपापल्या घरी बसून एकाच अवकाशात फिरायचे. त्यातली मराठी मंडळी दर दोन वर्षांनी एक महाफेरी काढायची: तीन हजारांवर जहाजं, अकरा दिवस, नऊ थांबे आणि मधे सगळा ओसाड अंधार. आयोजक तिघं. नसीम मुल्ला ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवायची. नोंदी आणि आकडे तिच्याकडं. परशुराम गुरव लग्न-वरातींना आवाज पुरवायचा. तीन हजार कानांपर्यंत एकच आवाज नेणं त्याच्याकडं. आणि आवटे अण्णा. एकतीस वर्षं एसटीत, निम्मी वाहक म्हणून, निम्मी वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त झाल्यावर विटा आगारात गाड्या लावायचं बंद झालं, म्हणून त्यांनी त्या आकाशात लावायला घेतल्या.

अवकाशातही त्यांनी एसटीचाच कायदा आणला होता. थांबा आला की माणसं मोजायची. मोजणी जुळली की घंटी द्यायची. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. परशुरामनं त्यासाठी घंटीचं बटण दांड्यालाच जोडून दिलं होतं, आणि अण्णांची 'टिंग टिंग' झाल्याशिवाय तीन हजारांतलं एकही जहाज जागचं हलायचं नाही. कुणी हसलं, तर अण्णा म्हणायचे, "एकतीस वर्षांत एक प्रवासी मागं सोडला नाही. तुमच्या इथं सोडू काय?"

हे वाक्य ते आता म्हणत नसत. दोन वर्षांपूर्वीच्या, तिसऱ्या महाफेरीपासून.

चौथी महाफेरी संपून नऊ दिवस झाले होते. रविवारी सकाळी अकराला तिघं परशुरामच्या गोदामात, माणूसभर उंचीच्या स्पीकरांच्या मधे, भडंगाची परात घेऊन आढाव्याला बसले होते. दुपारी चारपर्यंत 'अथांग'वाल्यांना अंतिम यादी द्यायची होती.

"आधी हे ऐका," परशुराम म्हणाला. "मला चार दिवस जेवण गोड लागंना झालंय यापायी."

त्यानं फेरीची ध्वनिफीत लावली. सहावा थांबा. तीन हजार लोकांची कुजबुज, मग अण्णांचा आवाज, "सगळे आले. निघायचं." मग टिंग टिंग. मग इंजिनांची घरघर सुरू होण्याआधी, लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं, एकच: टिंग.

"घुमारा असंल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, वीस वर्षं मी घुमाऱ्याशी भांडतोय. दोनदा वाजलं तर घुमारा दोनदा येतो. ह्यो एकदाच येतोय." त्यानं सातवा थांबा लावला. टिंग टिंग. आणि मागून, टिंग. आठवा. नववा. "पहिल्या तीन थांब्यांना न्हाई. बाभूळ थांब्यापासनं पुढं प्रत्येक ठिकाणी हाय."

बाभूळ थांब्याचं नाव निघालं तसा अण्णांचा भडंगाचा हात परातीतच राहिला. तो चौथा थांबा. काळ्या, काटेरी दगडांचा एक पुंजका, माळावरच्या एकट्या बाभळीसारखा. म्हणून खेळाडूंनी तसं नाव पाडलं होतं.

"आणि माझं ऐका," नसीम म्हणाली. तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "निघाली तीन हजार एकशे बारा. पोचली तीन हजार एकशे तेरा. अण्णा, बाभूळ थांब्यावर तुमची मोजणी एकनं जास्त भरली होती. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"नंबर दिला."

"कुणाला?"

"जो जास्त होता त्याला. मधल्या थांब्यावर माणूस चढला तर त्याला तिकीट देतात, नसीम. तू कोण, कुठला, कशाला आलास, असं विचारत बसतात काय? कमी भरलं तर थांबायचं, जास्त भरलं तर तिकीट द्यायचं. साधा हिशेब आहे."

"हिशेब साधाच आहे," नसीम म्हणाली, "फक्त त्या जहाजात चालक नाही."

परशुरामनं चालू फीत बंद केली.

नसीमनं सांगितलं ते असं. यंदापासून महाफेरी संपली की 'अथांग'वाले झाडलोट करतात. ज्या जहाजाला जिवंत चालक नाही ते पुसून टाकतात, नाहीतर सगळं आकाश सोडून गेलेल्यांच्या भुतांनी भरून जाईल. ही एकतीसशे तेरा नंबरची गाडी कुणाच्याच नावावर नव्हती. जुनी, रंग पार उडालेली, ताफ्याच्या अगदी शेवटी राहून तिनं नवव्या थांब्यापर्यंत फेरी पुरी केली. बाकी सगळी जहाजं तिथं पांगली. ती एकटी वळली आणि परत बाभूळ थांब्यावर जाऊन उभी राहिली. आत्ता, या घडीला, ती तिथंच होती.

"मग चालवतंय कोण?" परशुरामनं विचारलं. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता.

"हातवळण. दोन वर्षं तेच चालवतंय, एकटं. कुणाचं ते मी काल शोधलं." नसीमनं पडद्यावर दोन रेघा काढल्या, एकीवर एक. वळणाआधी दोन्ही आवरत्या, वळण संपताच दोन्ही मोकळ्या. केसाचाही फरक नव्हता. "ही एक त्या गाडीची. आणि ही दुसरी तुमची आहे, अण्णा."

अण्णा हसले. हसणं अर्ध्यात थांबलं. "माझी ती गाडी फुटली. गेल्या फेरीत, मी जेवून लवंडलो होतो तेव्हा. तूच तर सांगितलंस."

"फुटली नव्हती," नसीम म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "वळली होती."

गेल्या फेरीतली ती दुपार तिघांनाही पाठ होती, पण दोन वर्षांत कुणी तोंडातून काढली नव्हती. बाभूळ थांब्यावर मोजणी एकनं कमी भरली होती. नंबर सातशे नऊ. दर्यापूरच्या कुणी इंदू ढोके. रेडिओवर त्यांचा आवाज आला होता, धावतपळत बोलल्यासारखा, "पाच मिनिटं थांबा हो काका, आलेच!" पाच झाली. दहा झाली. त्या थांब्यापुढं एक खिंड होती, दगडांच्या दोन भिंतींमधली. ती ठरावीक वेळ उघडायची आणि मग चार दिवस मिटायची. सतरा मिनिटांनी तीन हजार लोक एका आवाजात ओरडायला लागले. नसीम म्हणाली, अण्णा, खिंड मिटतेय. परशुराम म्हणाला, अण्णा, एकासाठी सगळे अडकतील. आणि अण्णांनी डबल बेल दिली. मग ते जेवले, आणि न बोलता आडवे झाले.

"तुमचा डोळा लागला," नसीम सांगत होती, "गाडी हातवळणाकडं गेली. दहा मिनिटं नीट चालली. आणि मग मी बघतेय तर ती आवरती घेऊन, पूर्ण फिरून, मिटत्या खिंडीतून मागं निघाली. मला वाटलं बिघाड आहे. मग लक्षात आलं. तुमच्या हाताचं वर्षानुवर्षांचं वळण ते. मोजणी कमी भरली की मागं जायचं. त्या एका दुपारी तुम्ही उलटं वागलात, पण ते वळण नव्हतं तुमचं, ती चूक होती. यंत्रणेनं चूक गिरवली नाही."

"मला का नाही उठवलंस?"

"उठवलं असतं तर तुम्हीही वळला असतात. तुमच्या मागं तीन हजार जहाजं. मी तुम्हाला नवी गाडी काढून दिली, जुनीवरचं तुमचं नाव काढलं आणि ती फुटली म्हणाले." तिनं डोळे पुसले आणि लगेच चिडून म्हणाली, "मारा आता मला."

 अण्णा पडद्यावरच्या दोन रेघा बघत राहिले. आरशात बघताना आरशातल्या माणसानं आधी पापणी लववावी, तसं काहीतरी त्यांना झालं होतं. फेरी संपल्यापासून जी घंटी त्यांना अंघोळ करताना, देवपूजा करताना, बाजारात कोथिंबीर निवडताना मागून ऐकू आल्यासारखी वाटत होती, ती त्यांच्याच अंगठ्याची होती.

"अजून एक आहे," नसीम म्हणाली. "त्या गाडीत चालक नाही. पण प्रवासी आहे. एक. नंबर सातशे नऊ."

फोन अण्णांनीच लावला. नोंदणीतल्या नंबरावर, दुपारी अडीचला. परशुरामनं तो मधल्या स्पीकरच्या पेटीवर घेतला. पलीकडं आधी पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची घरघर, मग ती बंद झाली.

"कोण?"

"मी विट्याहून आवटे बोलतोय. महाफेरीचा..."

"आवटे काका? घंटीवाले?" बाईचा आवाज एकदम उजळला. "बाप्पा! दोन वर्षांत एक शब्द बोलले नाही तुम्ही, अन् आज सरळ फोन? मले वाटलं तुम्ही मुळातच कमी बोलणारे असान."

परशुरामला चहाचा ठसका लागला. अण्णांना कमी बोलणारे म्हणणारं माणूस विट्यात जन्माला यायचं होतं.

"इंदूताई," अण्णा म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही पाच मिनिटं म्हणालात..."

"हो ना. बाबांनं हाक मारली होती आतून. अंथरुणावरच असायचे ते. मी उठून गेले तं..." त्या थोडं थांबल्या. "गेले ते, काका. माझ्या हातातच गेले. मग कुठची पाच मिनिटं. तीन दिवसांनी, पाहुणे गेल्यावर, घरात कोणाशी बोलावं वाटेना, म्हणून उघडलं. म्हटलं, आता तिथं कोण असणार? सगळे गेले असतील. माझं जहाज तं तापून बंदच पडलं होतं. अन् पाहते तं काय, तुमची गाडी उभी. तीन दिवस! मले पाहून एक घंटी दिली तुम्ही. टिंग. मी त्या घंटीवर इतकी रडले काका, बाबांवर रडले नव्हते तेवढी."

अण्णांनी नसीमकडं पाहिलं. नसीम स्पीकरच्या जाळीकडं बघत होती.

"तेव्हापासून रोज येते मी. तीन ते चार गिरणी बंद असते माझी. तुमच्या गाडीत बसते, तुम्ही जरा फिरवून आणता. माझ्या जुन्या जहाजात बाबांच्या नावाचा एक दिवा ठेवला आहे मी, तो लावायले उतरते. तुम्ही थांबता. डबल बेल झाली तरी तुमची गाडी आधी एक घंटी देते, सगळे आले का पाहते, मग निघते. अन् यंदा तं तुम्ही कमालच केली! कंट्रोलवरून बोलून राहिले, इकडं गाडी चालवून राहिले, अन् वरून आपल्याच गाडीले नवा नंबर दिला! किती हसले मी."

"इंदूताई, ते जहाज," अण्णा म्हणाले.  "म्हणजे ते चालवणारा..."

"माहीत आहे मले."

नसीमची नजर जाळीवरून थेट अण्णांकडं आली.

"तुम्हाले कौतुक केलेलं आवडत नाही," इंदूताई म्हणाल्या. "अशी माणसं राहतात. माझे बाबा तसेच होते. बरं, आता येतेच मी तिकडं, आज दिवा लावायचा राहिला आहे."

फोन ठेवल्यावर परशुरामनं उगाचच एक वायर गुंडाळली, आणि परत सोडली. "सांगितलं का न्हाई तिला?"

"काय सांगू? मी निघून गेलो, आणि माझं यंत्र थांबलं, असं?"

"यंत्र कसलं? तुमचाच हात हाय की त्यो."

"माझा हात हा," अण्णांनी उजवा पंजा त्याच्यासमोर धरला. "यानं डबल बेल दिली."

घड्याळात सव्वातीन झाले होते. नसीमनं यादी उघडली. एकतीसशे तेरापुढं चालकाचा रकाना कोरा होता. तो कोरा ठेवला तर चारला झाडलोट, आणि दर्यापूरच्या बाईसमोर ती गाडी दिव्यासारखी विझणार. तिथं अण्णांचं नाव लिहिणं हा दुसरा मार्ग. पण नाव लिहिलं की यंत्रणा चालकाला गाडीत बसवते आणि दोन मिनिटं देते. तेवढ्यात दांड्यावर काहीतरी एक करून दाखवायचं, म्हणजे हात जिवंत आहे हे कळतं.

"मग लिहा की अण्णा!" परशुराम म्हणाला. "बसा, डबल बेल द्या, जरा पुढं न्या, आणि परत हातवळणाच्या ताब्यात द्या."

"परत देता येणार नाही," नसीम म्हणाली. "एका माणसाची दोन वळणं ठेवत नाहीत. अण्णा बसले की जुनं आणि नवं एक होतं, आणि ताजं ते खरं धरतात. ती दोन मिनिटं जुनं वळण दांड्यात असेल. नाव पक्कं झालं की त्याच्यावर अण्णांचं आजचं गिरवलं जाईल."

"म्हणजे तो मेला," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"थांबलेला."

 पडद्यावर बाभूळ थांबा दिसत होता: काळे दगड, एक बंद पडलेलं जहाज, आणि शेजारी रंग उडालेली गाडी. गाडीचं नाक किंचित उजवीकडं कललेलं. अण्णांच्या लक्षात आलं, आपण असंच उभं करायचो. एसटीच्या डाव्या दारानं चढणाऱ्यांना वाट राहावी म्हणून. ते कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. जहाजाला चढायला दार एकच असतं आणि ते मागं असतं, तरी दोन वर्षं ती गाडी कुणा अदृश्य प्रवाशांना वाट ठेवून तशीच उभी होती.

"लग्नात मला बायको म्हणाली होती," अण्णा अचानक म्हणाले, "तुमच्यातला जो वाहक आहे ना, त्याच्याशी माझं लग्न लागलंय, तुमच्याशी नाही. मी हसलो होतो." त्यांनी चष्मा पुसला. "लिही माझं नाव."

तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी नसीमनं आवटे मारुती लिहिलं. पडदा क्षणभर काळा झाला. मग अण्णा गाडीत होते. दांडा त्यांच्या मुठीत होता, आणि तो गार नव्हता. परशुराम पुढं कितीतरी दिवस शपथेवर सांगायचा की स्पीकरांच्या गरमीनं तो तापला होता, दुसरं काही नाही. पण हे सांगताना तो आपला हात पँटला पुसायचा.

कोपऱ्यात आकडे सुरू झाले. एकशे वीस. एकशे एकोणीस.

"डबल बेल, अण्णा," नसीम म्हणाली. "आणि निघा. झालं."

अण्णांनी सवयीनं मागं पाहिलं. प्रवाशाची जागा रिकामी होती.

"ती उतरलीय," ते म्हणाले. बंद जहाजाच्या काचेआड एक पिवळा ठिपका नुकताच लागला होता. त्यांनी रेडिओ उघडला. "इंदूताई, गाडीत या. लवकर."

"आँ? बोलले तुम्ही!" मोठमोठ्या पेट्यांतून आवाज भरून आला. मग पाठीमागं कुणाची तरी हाक, डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज. "हो हो, आली ना! काका, दळणवाली आली आहे बाहेर, उतरवून घेते तिचं. पाच मिनिटं थांबा, आलेच!"

आणि रेडिओ गप्प झाला.

अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.

"अण्णा," नसीम म्हणाली.

"ऐकलं मी."

"पाच मिनिटं नाहीत आपल्याकडं. दीड आहे. आत्ता निघालात तर गाडी राहते. नंतर परत वळून या ना तिला घ्यायला! मागच्यासारखी खिंड नाही, काही नाही."

"तिला दिसेल," अण्णा म्हणाले. "बाहेर येऊन बघेल, आणि गाडी जाताना दिसेल."

"आणि थांबलात तर गाडीच नसेल! नुसता दिवा आणि दगड!"

साठ. परशुराम उठून उभा राहिला होता. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं ध्वनिफीत चालू केली आणि सगळ्या पेट्यांचा आवाज पूर्ण वाढवला. पलीकडची गिरणी ऐकू यायला लागली. कुणीतरी ज्वारी म्हणत होतं, कुणीतरी बारीक म्हणत होतं. दुसऱ्या टोकाला, दोनशे कोसांवर, एक बाई घाईघाईनं डबा उचलत होती, आणि त्या घाईला हे माहीतच नव्हतं की विट्यातले तिघं तिच्या हातांकडं कान लावून बसलेत.

चाळीस. अण्णांचा अंगठा बटणावर गेला. दोनदा दाबायचं होतं, एवढंच. आयुष्यात लाखभर वेळा दाबलं असेल. त्यांना ती दुपार आठवली, सतरावं मिनिट, तीन हजार लोक. तेव्हा जे वाटलं होतं तेच आत्ता वाटत होतं, तसंच्या तसं, तसूभर कमी नाही. दोन वर्षं झुरून माणूस बदलतो असं त्यांना वाटत आलं होतं. अंगठा बदललेला नव्हता.

पंचवीस.

"अण्णा, दाबा!"

त्यांनी अंगठा उचलला. मग परत ठेवला. परत उचलला, की उचलायचा आहे असं नुसतं मनात आलं, हे त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही.

नऊ. आठ. सात.

टिंग.

गोदामातल्या बारा पेट्यांतून तो एकच टोला असा उठला की छपराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. एकच. दुसरा आला नाही. जहाज जागचं हललं नाही.

पडद्यावरचे आकडे सहावर थबकले. मग तिथं अक्षरं आली. नसीमनं ती मोठ्यानं वाचली, कारण तिचा विश्वास बसेना: "हालचाल नोंदली. हात जिवंत. चालक, आवटे मारुती."

"घंटीपण धरली त्यांनी," परशुराम खुर्चीत कोसळत म्हणाला. "थांबायची घंटीपण चालती. आपण मघापासनं निघायचंच धरून बसलो की वं!"

नसीम हसायला लागली, रडायला लागली, आणि मधेच दोन्ही सोडून तिनं अण्णांकडं पाहिलं. "सुचलं कसं तुम्हाला?"

अण्णा आपल्या अंगठ्याकडं बघत होते. तो बटणावर होता खरा. पण दाबल्याचं त्यांना आठवत नव्हतं. टोला आधी ऐकू आला आणि अंगठा नंतर खाली गेला, की आधी अंगठा गेला? दांडा मुठीत हळूहळू गार होत होता. पडद्याच्या कडेला दोन रेघा होत्या, एकीवर एक. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या मिटून एक झाल्या, आणि आता त्यातली कुठली कुणाची हे जगात कुणालाच सांगता आलं नसतं.

"परशा," ते हलकेच म्हणाले, "ती फीत परत लाव. शेवटचा टोला. माझ्या हाताचा आवाज आधी येतो का, बघ."

"नको अण्णा," परशुराम म्हणाला. वीस वर्षं आवाजाचा धंदा केलेल्या त्या माणसानं यंत्राची कळ बंद केली आणि फीत पुसून टाकली.

रेडिओत खरखर झाली. धापा टाकल्याचा आवाज आला, पदराला पीठ झटकल्याचा, आणि मग बंद जहाजाच्या काचेआडून एक छोटी आकृती दिव्याला ओलांडून गाडीकडं यायला लागली.

"आली, आली! किती वेळ झाला काय माहीत. काका," इंदूताई म्हणाल्या, आणि मग जरा थबकून, जणू गाडीकडं पहिल्यांदाच नीट बघत, "तुम्हीच थांबले ना?"